ऑगस्टमधलं केनिया: बॅगेत काय भरायचं आणि काय घरी ठेवायचं

काका, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही (वय ६३) आणि काकू (५९) ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून थेट नैरोबीला जाताय. दोन रात्री अंबोसेली, एक रात्र नैवाशा, तीन रात्री मसाई मारा, आणि माराहून छोट्या विमानाने नैरोबीला परत. दोन मोठ्या टणक ट्रॉली बॅगा आणि भरपूर खिशांचे खाकी कपडे घेऊन झालेत. भाचा त्याची मोठी लेन्स देतोय, मुलाने बेचाळीस वस्तूंची यादी पाठवली आहे. यातलं खरंच काय लागतं?

गेली सतरा वर्षं मी मराठी मंडळींचे गट पूर्व आफ्रिकेत नेतोय. त्या अनुभवावर सांगतो.

आधी त्या ट्रॉली बॅगा. माराहून नैरोबीच्या विल्सन विमानतळावर येणारी विमानं म्हणजे दहा-बारा माणसांची सेस्ना कॅरव्हॅन किंवा तिची भावंडं. सामान बहुतेक वेळा विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात कोंबतात. तिथे माणशी १५ किलो चालतं, आणि त्यात हातातली बॅगही धरतात. बॅग मऊ हवी, दाबली की दबणारी. टणक ट्रॉली त्या कप्प्याच्या दारातून आत जात नाही, मग पायलट आणि तुम्ही एकमेकांकडे बघत उभे राहता. दादरला कुठल्याही बॅगवाल्याकडे चाकं नसलेली साधी डफल बॅग मिळते, ती घ्या. ट्रॉलीला घरीच राहू दे. मोठ्या विमानात जास्त वजन चालतं म्हणून जास्त भरून नेणाऱ्यांचा हिशेब परतीच्या धावपट्टीवर चुकतो. तिथे झाडाखाली एक वजनकाटा असतो आणि शेजारी दुकान नसतं.

आता यादीकडे. त्या बेचाळीस वस्तूंपैकी तीसेक कपडे आणि कपड्यांचे नातेवाईक असतील, मी न बघता सांगतो. कपड्यांवाचून कुणाची सफारी बुडालेली मी पाहिलेली नाही. एकदा आमच्या गटातल्या एका मावशींची बॅग विमान कंपनीकडून हरवली आणि तिसऱ्या दिवशी आली. तोवर त्या कॅम्पच्या दुकानातला टी-शर्ट आणि अंगावर मसाईंची लाल चौकड्यांची शुका पांघरून फिरल्या, आणि गटातला पहिला बिबट्या त्यांनाच दिसला. दुसऱ्या एका गटातल्या गृहस्थांची बॅग एकच दिवस उशिरा आली, पण रक्तदाबाच्या गोळ्या आणि जवळचा चष्मा तिच्यातच होता. त्यांच्यासाठी ड्रायव्हरला दुकान शोधत नारोक गावापर्यंत जावं लागलं, आणि त्या गाडीतल्या पाचही जणांची दुपारची फेरी गेली. तेव्हापासून माझा नियम एकच आहे. औषधं, चष्मा, दुर्बीण आणि कागद हे सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. खालच्या बॅगेत जे जाईल ते हरवलं तरी चालेल, असंच असलं पाहिजे.

कागदांत आधी पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला. केनियात हा रोग आहे, त्यामुळे तिथून परतताना भारत सरकारला तो दाखला लागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते, आणि दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. एकदा घेतलेला दाखला २०१६ पासून जन्मभर चालतो. म्हणजे जुना दाखला कपाटात असेल तर शोधा, आणि त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. आता तुमच्यासाठी महत्त्वाचं: साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. फार वाढतो असं नाही, पण तो आहे. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर प्रश्न आणखी वेगळा. म्हणून आपल्या डॉक्टरांशी आत्ताच बोला, निघायच्या आठवड्यात नको. त्यांनी लस नको म्हटलं, तर नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका. परतताना काय होईल हे विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाला आधीच विचारून घ्या.

मलेरियाच्या गोळ्यांचंही तसंच. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी. अंबोसेली जेमतेम साडेअकराशे मीटरवर आहे, तिथे डास आहेत. कुठली गोळी हे डॉक्टर ठरवतील. फक्त एवढं लक्षात ठेवा, की ती परत आल्यावरही चालू ठेवायची असते: एका प्रकारची आठवडाभर, दुसऱ्या प्रकारची चार आठवडे. घरी आल्यावर "आता कुठे डास" म्हणून सोडून देणारे दर गटात दोघं-तिघं असतातच. रोजच्या औषधांचा साठा ठरलेल्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्त घ्या, पट्ट्या कापू नका, आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. डोळ्यांत घालायचे ओलावा देणारे थेंब मात्र यादीत नसतील तर आत्ता लिहा. का, ते धुळीच्या वेळी सांगतो.

केनियाला आता व्हिसा लागत नाही, पण जानेवारी २०२४ पासून निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते. तिची छापील प्रत, विम्याचा कागद आणि पासपोर्टची झेरॉक्स एकमेकांच्या सॅकमध्ये ठेवा, म्हणजे काकूंचे कागद तुमच्याकडे आणि तुमचे काकूंकडे. विमा घेताना जंगलातून विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे विचारा. माराच्या आत काही झालं तर रस्त्याने नैरोबी पाच-सहा तास दूर आहे. अ‍ॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था हेच काम करते आणि पर्यटकांना थोड्या दिवसांचं सदस्यत्व देते.

प्लास्टिकबद्दल नीट ऐका, कारण इथे आपली सवय आडवी येते. चपला एका पिशवीत, तेलाची बाटली दुसऱ्या, फराळ तिसऱ्या, आणि या सगळ्या कॅरीबॅगा. केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, आपल्या महाराष्ट्राच्या साधारण वर्षभर आधी. फरक एवढाच, की तिथे ती पाळली जाते. कायद्यात जबर दंड आहे आणि कैदही आहे. विमानतळावर पिशव्या काढून घेतल्या, तर फराळ हातात घेऊन उभं राहायची पाळी येते. त्याऐवजी काकूंच्या जुन्या सुती साड्यांच्या नाडीवाल्या पिशव्या शिवून घ्या. आमच्या गटांत आता ही पद्धतच झाली आहे. शिवाय जून २०२० पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांनाही मनाई आहे. माणशी एक लिटरची स्टीलची बाटली न्या, कॅम्पवर पाणी भरून मिळतं.

आता हवा. आफ्रिका म्हटलं की आपल्याला उन्हाळा आठवतो, आणि ताडोबाला मे महिन्यात गेलेला माणूस तेच डोक्यात घेऊन निघतो. पण मारा दीड हजार मीटरच्या वर आहे आणि ऑगस्ट हा तिथला थंडीचा काळ. पहाटे सहाला गाडी निघते तेव्हा दहा-बारा अंश असतात, छप्पर उघडं असतं, तुम्ही उभे असता आणि गाडी चालत असते. दुपारी तेच पंचवीसपर्यंत चढतं. त्यामुळे एक जाड स्वेटर उपयोगाचा नाही, पापुद्रे हवेत: आत सुती शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर वारा न शिरणारं पातळ जॅकेट. कान झाकणारी टोपी आणि हातमोजे नक्की. माझ्या अनुभवात पहिल्या पहाटे सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो माकडटोपी घालून बसलेल्या आजोबांचा, ज्यांना आदल्या दिवशी सगळे हसत होते. बलूनचं तिकीट काढलं असेल तर त्याहून लवकर, म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास, निघावं लागतं.

बाकी कपड्यांचा हिशेब सोपा आहे. तीन पूर्ण विजारी, चार पूर्ण बाह्यांचे शर्ट किंवा कुर्ते, रात्री घालायचा एक जोड. बहुतेक कॅम्पवर कपडे धुऊन मिळतात. आतले कपडे मात्र बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, ते आपले आपण धुवायचे. त्यासाठी साबणाची एक वडी आणि दोन मीटर नायलॉनची दोरी पुरते.

खाकी घेतलंय, तर घाला, छान दिसेल. पण गाडीत बसलेल्या माणसाच्या शर्टाच्या रंगाशी सिंहाला काही देणंघेणं नसतं. रंगाचा प्रश्न दोनच ठिकाणी येतो. टांझानियात तारांगिरेला किंवा सेरेंगेटीच्या पश्चिम भागात त्सेत्से माश्या असतात आणि गडद निळ्या-काळ्याकडे झेपावतात. तिथल्या माश्या पकडायच्या सापळ्यांचं कापडही याच रंगांचं असतं. तुम्ही त्या बाजूला जात नाही. दुसरं, पायी फिरायचं असेल तेव्हा भडक रंग नकोत. आणि एक सक्त मनाई: हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची लष्करी छापाची विजार किंवा टोपी. झिम्बाब्वे, झांबिया, युगांडात सामान्य माणसाने ती घालणं गुन्हा आहे, आणि केनियातही ती वाट धरू नये. भाच्याकडून लेन्स घेताना त्याची टोपी घेऊ नका.

जाड ट्रेकिंगचे बूट नकोत. नेहमीचे सरावाचे स्पोर्ट्स शूज आणि कॅम्पवर घालायला सँडल. पाऊस झालाच तर माराची काळी माती बुटाला जी चिकटते, ती विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ओळखीची वाटेल. अगदी आपल्या कपाशीच्या रानासारखी, एकेक पाय दोन किलोचा होतो.

धुळीचं मात्र मी थोडं लांबवणार आहे, कारण याद्यांमध्ये तिला जागाच नसते. अंबोसेली हे नावच मसाईंच्या भाषेत खारट, धुळीच्या जागेवरून पडलंय. उद्यानाचा मोठा भाग म्हणजे सुकलेल्या तळ्याचा तळ. ती धूळ रांगोळीहून बारीक आणि खारी असते. समोरची गाडी गेली की पांढरा पडदा उभा राहतो, आणि त्या पडद्यातून हत्तींची रांग बाहेर येते, तेव्हा सगळ्यांचे कॅमेरे वर जातात आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर अंबोसेलीत चष्मा लावा. दम्याचा त्रास असेल तर करोनातले उरलेले एन-९५ मास्क न्या. आणि दोघांनाही एकेक जुनी, मोठी, सुती ओढणी. माझ्या मते सफारीचं सगळ्यात उपयोगी सामान तेच आहे. नाकातोंडाला बांधता येते, कॅमेऱ्यावर टाकता येते, मानेमागचं ऊन अडवता येतं, ओली करून गळ्यात घालता येते, आणि झुडपामागे जायची वेळ आली तर आडोसाही होतो. हो, तीही वेळ येते. फेरी चार-पाच तासांची असते. ड्रायव्हर आधी चारी बाजूंना नजर टाकून जागा दाखवतो, त्याने होकार दिल्याशिवाय दार उघडायचं नाही. कागदी रुमाल न्या, आणि वापरलेला परत आणायला घट्ट झाकणाचा छोटा डबा.

रस्त्यांना तिथले ड्रायव्हर विनोदाने "आफ्रिकन मसाज" म्हणतात. अंबोसेलीहून नैवाशाचा तुमचा दिवस लांबच लांब आहे. कमरेचा पट्टा वापरत असाल तर तो सॅकमध्येच ठेवा. काकूंनी स्पोर्ट्स ब्रा न्यावी. हे कुणी सांगत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गटातल्या सगळ्या बायका एकमेकींना सांगत असतात.

दुर्बीण माणशी एक, यात तडजोड नको. नवरा-बायकोत एक घेतली की काय होतं, ते मी शेकडो वेळा पाहिलंय. एकाला चित्ता दिसतो, दुसरा "कुठंय, कुठंय" म्हणतो, दुर्बीण गळ्यातून काढून देईपर्यंत चित्ता गवतात बसतो, आणि पुढचा अर्धा तास गाडीत शांतता असते. ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. चालत्या गाडीत १० पटीची हलते, आणि वयानुसार हातही थोडा हलतो. घरी गच्चीवरून कावळे बघत आठवडाभर सराव करा, दोन्ही डोळ्यांचं फोकस बसवायला शिका.

भाच्याच्या लेन्सबद्दल माझं मत त्याला आवडणार नाही. कॅमेऱ्यासह ती तीन-चार किलोंची असेल, म्हणजे पंधरातला पाचवा भाग. तुम्ही ती आजवर वापरलेली नाही, आणि मारा नदीच्या काठावर नु (तिथली कळपाने फिरणारी मोठी हरणं) उड्या घ्यायला लागले की शिकायला वेळ नसतो. लांब झूम असलेला एकसंध छोटा कॅमेरा भाड्याने घ्या किंवा फोनवर भागवा. लेन्स न्यायचीच असेल तर तिच्याबरोबर बीन बॅगही न्या. छपराच्या कडेवर टेकवायला तिच्यासारखं काही नाही, गाडीत तिकाटणं उभं राहत नाही. पिशवी रिकामी न्या, नैरोबीत दोन किलो तांदूळ भरून घ्या, शेवटच्या दिवशी ते ड्रायव्हरला द्या. धुळीत लेन्स बदलायची नाही. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय तो उद्यानांत चालत नाही आणि विमानतळावरच अडकतो.

चार्जिंगची गंमत अशी, की केनियात ब्रिटिश पद्धतीची तीन चौकोनी पिनांची सॉकेटं आहेत. अडॅप्टर चार नेऊ नका. एक अडॅप्टर आणि घरातला एक भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड, झालं काम. अनेक कॅम्पवर वीज सौर किंवा जनरेटरची असते आणि रात्री काही तास बंद होते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. २७,००० एमएएचच्या आतली असेल तर विमानात अडचण येत नाही. डोक्याला बांधायचा टॉर्च माणशी एक. रात्री तंबूतून जेवणाला जाताना अस्कारी, म्हणजे तिथला पहारेकरी, बरोबर असतो. त्याला सोडून एकट्याने निघायचं नाही, टॉर्च असला तरी.

फराळाबद्दल काकूंनी वेगळं विचारलंय. न्या की, पण बेताचा. केनियातल्या लॉजना गुजराती पाहुण्यांची पिढ्यान् पिढ्या सवय आहे, शाकाहारी जेवण आणि वरण-भात बऱ्याच ठिकाणी मिळतो. चपाती आणि चहा तर स्वाहिलीतही "चपाती" आणि "चाय"च आहेत. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं नकोत. तेलाचं लोणचं नको, ते विमानात कपड्यांवर उतरतं. मेतकूट, कोरडी लसणाची चटणी, खाकरा, लाडू चालतील. पण तंबूत उघडं काही ठेवू नका. व्हर्वेट माकडं तंबूची चेन उघडतात. खरंच उघडतात, दोन्ही बाजूंनी ओढून. पुण्याहून आलेली अर्धा किलो बाकरवडी एका माकडाने झाडावर बसून, आमच्याकडे बघत संपवलेली आहे. चेनच्या दोन टोकांना अडकवायला छोटी कडी न्या, आणि खाऊ कॅम्पच्या स्वयंपाकघरात ठेवायला द्या.

पैसे डॉलरमध्ये न्या, नव्या छापाचे, न फाटलेले, न लिहिलेले. एक, पाच, दहाच्या नोटा जास्त हव्यात, कारण बक्षिशी द्यायला शंभराची नोट निरुपयोगी. ड्रायव्हर-गाइडला मी माणशी रोज दहा डॉलरच्या आसपास द्यायला सांगतो, आणि ते शेवटच्या दिवशी पाकिटात घालून, हातात. पाकिटं इथूनच न्या. रस्त्यावरच्या मुलांसाठी चॉकलेटं, पेनं नेऊ नका. त्यापायी ती शाळा सोडून गाड्यांमागे धावतात.

एवढं सगळं भरून झालं की डफल आणि सॅक एकत्र भाजीवाल्याच्या नाहीतर रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवा. माणशी बारा किलोच्या आत आलं तर उरलेल्या तीन किलोंत काकूंना दोन शुका घेता येतील. वर गेलं तर आधी तिसरी विजार काढा, दुर्बीण नव्हे.